सौर संचाची चौकशी करण्यापूर्वी वीजबिलावरचे नाव पाहावे
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पोळा सरला की आमच्याकडे छतावरील सौर संचाची चौकशी वाढते. दर किती, अनुदान किती आणि काम किती दिवसांत होईल, हे तीन प्रश्न ग्राहक घरूनच ठरवून आणतात. चौथा प्रश्न मात्र आम्हालाच विचारावा लागतो आणि काम तिथेच अडते : वीजबिल कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरी ते आजोबांच्या नावावर असते आणि आजोबांना जाऊन पंधरा-वीस वर्षे झालेली असतात. बिल वेळेवर भरले जात असल्यामुळे आजवर कोणाचे काही बिघडलेले नसते.

आजवर आपण वीज केवळ विकत घेत होतो, आणि पैसे कोणीही भरले तरी पावती मिळते. सौर संच लागल्यावर दुपारची उरलेली वीज आपल्या घरातून महावितरणच्या तारेत जाते, नवे मीटर ती वेगळी मोजते, आणि आपण केवळ ग्राहक न राहता या देवाणघेवाणीतले एक पक्ष होतो. वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार त्यासाठी नेट मीटरिंगचा, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून बिल काढण्याचा करार करावा लागतो, आणि बिलावर ज्याचे नाव, त्याचीच सही त्या करारावर लागते. मयत माणसाची सही मिळत नाही आणि तिच्या जागी मुलाने केलेली सही चालत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान, म्हणजे १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये, हेही अर्जदाराच्याच बँक खात्यात जमा होते. म्हणून बिल, आधार आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकच असावे.

मागच्या हंगामात एक काका पिशवीभर कागद घेऊन आले होते. सातबारा, फेरफार, सोसायटीच्या कर्जाचा दाखला, सगळे नीट घडी करून आणलेले होते. नव्हता तो फक्त घराचा कागद. सातबारा शेताचा असतो. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ लागतो, आणि स्वामित्व योजनेची मोजणी झालेल्या गावात मालमत्ता पत्रकही चालते. काकांनी आमच्याकडे येण्यापूर्वीच दुसऱ्या कोणाकडून छतावर लोखंडी सांगाडा उभारून घेतला होता. बिलावर त्यांच्या वडिलांचे नाव होते. ते बदलून होईपर्यंत त्या सांगाड्यावर घरच्यांनी गोधड्या वाळत घातल्या.

नावबदलासाठी मृत्यूचा दाखला, नमुना आठ आणि इतर वारसांची संमती लागते, शिवाय जुनी थकबाकी फेडलेली असावी लागते. यातील संमतीला सर्वांत जास्त वेळ लागतो. बहीण दूरगावी नांदत असेल, तर ती दिवाळीला माहेरी येईल तेव्हाच सही घेऊन ठेवावी.

कागद पाहिल्याशिवाय आम्ही छताचे माप घेत नाही आणि आगाऊ रक्कमही स्वीकारत नाही. यावर काही जण नाराज होतात आणि अमुक माणूस उद्याच पॅनेल चढवून द्यायला तयार आहे, असे आम्हाला ऐकवतात. पॅनेल चढवणे हे दोन दिवसांचेच काम आहे, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु नेट मीटर लागण्यापूर्वी संच सुरू केला, तर साधे मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजू शकते, आणि मग आपणच दिलेल्या विजेचे बिल आपल्यालाच भरावे लागते. असे बिल दुरुस्त करून घेण्यासाठी किती हेलपाटे पडतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

मंजूर भार, म्हणजे आपल्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट, कमी असल्याची चिंता मात्र करू नये. २०२४ मधील केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचाला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळते आणि आवश्यक तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा असतो.

संच लावल्यानंतर सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी, की डोक्यावर ऊन असूनही बाहेरची लाइट गेली की घरातलीही जाते. हा संचातील दोष नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून बाहेरचा पुरवठा तुटताच संचातील इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या वापरासारखी करून देणारे यंत्र, स्वतःहून बंद होतो. बॅटरीचा संच वेगळा मिळतो आणि तो महाग असतो. गरज नसलेल्या घराला आम्ही तो सुचवत नाही. चंद्रपूर आणि कोराडीला वीज तयार होत असताना लाइट आपलीच का जाते, असेही विचारले जाते. तिथली वीज उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून राज्यभर जाते. आपल्या घरी ती उपकेंद्र, ११ केव्हीचा फीडर (उपकेंद्रातून गावाकडे येणारी तार) आणि गावातील डीपी (रोहित्र) यांच्यामार्फत येते, आणि पावसाळ्यात फांदी पडते ती याच शेवटच्या तारेवर.

जास्त वीज विकून कमाई होईल, या हिशेबाने मोठा संच मागू नये. महिन्याची शिल्लक युनिटे पुढच्या बिलात वळती होतात, परंतु ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना आयोगाने ठरवलेला दर मिळतो, जो आपण भरतो त्या दरापेक्षा कमी असतो. स्थिर आकारही भरावाच लागतो. आमच्याकडील उन्हात १ किलोवॅटपासून दिवसाला साधारण ४ युनिटे मिळतात. वर्षभराची बिले आणल्यास आम्ही त्यावरून माप काढून देतो. अनुदानासाठी भारतीय बनावटीचीच पॅनेल लागतात, आणि आम्ही दुसरी ठेवत नाही.

येताना घरचे ताजे बिल, आधार, पासबुक आणि नमुना आठ सोबत आणावा. शेतीपंपाचे बिल या कामाला चालत नाही. नाव जुळत नसल्यास नावबदलाचा अर्ज आम्ही भरून देतो, आणि आमच्याकडून संच घेणाऱ्यांना त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असल्याने कागद तपासले जात नाहीत.