सेल्फ मारला की नुसतं टकटक

गणपतीला आलेली गाडी पाच दिवस माडाखाली उभी असते. निघायच्या दिवशी चावी फिरवली तर काचेखालचे दिवे लागतात, पण बॉनेटखालून येतं ते नुसतं टकटकटकटक. वाडीतली चार माणसं जमतात आणि एकमताने निकाल देतात, ‘बॅटरी बसली.’ खाऱ्या हवेच्या गावात हा निकाल पैसे देऊन मान्य करण्याआधी दहा नंबरचा पाना आणि खायचा सोडा घ्यावा.

टकटक करतो तो सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या, पाठीवर बसलेला सोलेनॉइड. चावी फिरली की त्याच्या गुंडाळीत करंट जातो आणि चुंबकाच्या ओढीने आतला लोखंडी दट्ट्या सरकतो. दट्ट्या सेल्फचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दात्यांत ढकलतो. त्याच झटक्यात तांब्याचे जाड संपर्क मिटतात आणि बॅटरी थेट मोटरला जोडली जाते. छोट्या पेट्रोल गाडीच्या मोटरला १०० ते २०० अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात, त्यामुळे ‘लाइट तर लागतायत’ हा पुरावा फारसा कामाचा नाही.

एवढा करंट मागितला गेला आणि वाटेत कुठे अडला, की व्होल्टेज कोसळतं. गुंडाळीची ओढ संपते, स्प्रिंग दट्ट्याला मागे फेकते, संपर्क उघडतात. मागणी थांबली म्हणून व्होल्टेज पुन्हा चढतं आणि दट्ट्या पुन्हा ओढला जातो. सेकंदात हे अनेकदा घडतं, तीच टकटक. म्हणजे हा आवाज एवढंच सांगतो की सोलेनॉइड जिवंत आहे आणि करंट पुरत नाही. तो बॅटरीत कमी आहे की वाटेत अडतोय, ते आपण शोधायचं.

वाटेतला अडथळा किती छोटा असू शकतो ते बघा. टर्मिनलच्या सांध्यात ०.०२ ओहम रोध आला, तर १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात. १२ मधले ३ गेले की मोटर काय फिरणार! हा रोध येतो मिठातून. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. धातूवर बसलेला खाऱ्या वाऱ्याचा थर मग ओलाच राहतो, आणि हर्णै ते वेंगुर्ले पावसाळ्यात हवा बहुधा याच्या वरच असते. त्यात बॅटरीतून झिरपणाऱ्या ॲसिडची भर पडते. टर्मिनलवरचा पांढरा भुगा बहुतेक शिशाचं सल्फेट असतो. निळसर-हिरवा थर म्हणजे तांब्याची तार खाऊन तयार झालेलं मोरचूद, सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालतात तेच. पण खरा चोर भुग्यात नसतो, तो पोस्ट (बॅटरीचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्प (त्यावर आवळलेली तारेची पकड) यांच्यामधल्या काळपट, न दिसणाऱ्या थरात असतो. वरून फडकं मारून तो जात नाही.

म्हणून क्लॅम्प काढायचाच. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना बरोबर उलटं. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगीच उडेल. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून टूथब्रशने घासा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. फेस थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. क्लॅम्प हाताने हलला तर तो सैल आहे.

तरी टकटक राहिली, तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी. आता गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. बॅटरीच्या पोस्टवरच व्होल्टेज ९.६ च्या खाली आपटलं तर दोष बॅटरीचा. तिथे १२ च्या आसपास टिकलं आणि तरी टकटक असेल, तर काळी सळई निगेटिव्ह पोस्टवर आणि लाल सळई इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारा. इथे ०.२–०.३ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडी-इंजिनाला जोडणारी तार, तपासा. ती खाली, चाकाने उडवलेल्या पाण्याच्या वाटेत असते. पुळणीवर लाटांतून गाडी फिरवणाऱ्यांनी आणि मासळीच्या टेम्पोवाल्यांनी तिच्याकडे आधी बघावं.

एकच जोरदार ‘टक’ येऊन शांतता पसरली, तर प्रकरण वेगळं. हेडलाइट लावून सेल्फ मारा. प्रकाश तसाच राहिला तर मोटरला करंट पोचतच नाही: सोलेनॉइडचे संपर्क जळलेत किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे) झिजलेत. सेल्फच्या बॉडीवर पान्याने हलकं ठोकून गाडी एकदा सुरू होते ती कार्बन जागेवर सरकल्यामुळे. त्या एकदात गॅरेज गाठायचं. प्रकाश एकदम मंदावला तर बॅटरी अशक्त आहे, नाहीतर मोटर किंवा इंजिन अडकलंय.

पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नये. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हासारखं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का स्टार्टही नको.

आणि गाडी मे महिन्यापासून गावीच असेल, तर हिशेब साधा आहे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिट मिळून ३० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला साधारण २२. बॅटरी असते ३५ ची. मुंबईला निघताना निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा. मग रिमोट चालणार नाही, तेव्हा दाराची साधी चावी गाडीच्या आत राहू देऊ नका.