सर्फबोर्डचा साइझ आणि लिटरची भानगड

सर्फबोर्ड घ्यायला गेलं की आता पहिला प्रश्न "किती फुटी?" असा येत नाही, "किती लिटर?" असा येतो. २००० साली कुणी दुकानात जाऊन लिटर विचारले असते तर समोरच्याला वाटलं असतं याला पाण्याची टाकी हवीये. तेव्हा बोर्डच्या पोटावर, मधल्या लाकडी पट्टीला लागून, पेन्सिलने तीन आकडे लिहिलेले असायचे, लांबी, रुंदी, जाडी, आणि तेही फूट-इंच आणि इंचाच्या तुकड्यांत, म्हणजे ६ फूट २ इंच, पावणेएकोणीस, सव्वादोन. ज्यांच्याकडून आजोबांनी पावकी-निमकी पाठ करून घेतलीये त्यांना हे वाचायला मजा येते, बाकीच्यांची विकेट जाते. चौथा आकडा, म्हणजे बोर्डचं आकारमान लिटरमध्ये, नंतर आला आणि मग आधीचे तिघं कुणी बघेनासंच झालं.

फार जुन्या काळात जास्त रेंगाळत नाही. हवाईत बोर्ड किती लांब हे तुम्हाला किती येतं यापेक्षा तुम्ही कोण यावर जास्त ठरायचं, सरदार-राजघराण्यातल्यांसाठी 'ओलो', १५-१६ फुटांचे जडशीळ, आणि बाकी जनतेसाठी 'अलाया', पातळ फळी, साधारण ७ ते १२ फूट, पोरांना पोटावर झोपून घसरायला त्याहून छोटे. १९३० च्या दशकात पोकळ बोर्ड आले, फिन (शेपटीखालचा पर) आला, युद्धानंतर बाल्साचं हलकं लाकूड आणि फायबरग्लास, आणि पन्नासचं दशक संपता संपता फोम. इतकं सगळं बदलूनही साठच्या मध्यापर्यंत साइझचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. साडेनऊ फूट, माणूस बघून चार-सहा इंच इकडे-तिकडे. लाटा खरंच डोंगराएवढ्या असतील तर दहा-अकरा फुटी निमुळती 'गन', हत्ती मारायला छऱ्याची बंदूक नेत नाहीत म्हणून ते नाव पडलं म्हणे.

सगळं बिघडलं (किंवा सुधारलं, ज्याचं त्याने ठरवावं) ते १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत. १९६६ ला सॅन दिएगोत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे ऑस्ट्रेलियातून आलेल्या पोराने ९ फूट ४ इंची पण बराच पातळ बोर्ड घेऊन जोरदार वळणं मारली आणि नोजवर (बोर्डच्या पुढच्या टोकावर) जाऊन उभं राहणाऱ्यांना मागे टाकून जिंकला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन शेपर (बोर्ड घडवणाऱ्या) लोकांनी रुंद शेपटीचे, तळाला व्ही असलेले बोर्ड हवाईला नेले. तिथल्या सनसेट बीचच्या मोठ्या लाटेत त्या रुंद शेपट्या पार घसरल्या, हसं झालं, आणि मग डिसेंबर १९६७ ला माउई बेटावरच्या होनोलुआ बेमध्ये तेच बोर्ड असे काही चालले की बघणाऱ्या कॅलिफोर्नियावाल्यांनी घरी जाऊन आपले लॉंगबोर्ड कापायला घेतले. कापायला घेतले म्हणजे अक्षरशः, जुन्या बोर्डावरचं फायबरग्लास सोलायचं आणि आतल्या फोममधून छोटा बोर्ड कोरायचा. १९६९ पर्यंत सहा-साडेसहा फुटी बोर्ड दिसायला लागले. तीन वर्षांत तीन फूट गेले.

यात सामान्य माणसाचं काय झालं हे कुणी फारसं लिहीत नाही. ज्याला रविवारी दोन तास समुद्रावर जायचंय त्याच्यासाठी साडेनऊ फुटी बोर्ड एकदम बरोबर होता, आणि तो दुकानातून गायबच झाला. तेव्हापासून जे सुरू झालं ते आजपर्यंत चालूच आहे, वरचे वीस-पंचवीस लोक जगातल्या सगळ्यात भारी लाटांवर जे वापरतात ते दोन वर्षांनी खालच्या सगळ्यांना विकलं जातं.

आता लाटेचं. लोकांना वाटतं लाट मोठी तर बोर्ड मोठा, सरळ हिशोब. तसं नाहीये. गुडघ्या-कंबरेएवढ्या मऊ लाटेत जोर नसतो म्हणून मोठा, रुंद बोर्ड लागतो, खांद्या-डोक्याएवढ्या चांगल्या उभ्या लाटेत लाटच ढकलते आणि वळायला जागा कमी म्हणून छोटा चालतो, आणि त्याच्याही वर गेलं की परत बोर्ड लांब होत जातो. कारण वेग. एक मीटरची लाट फुटताना ताशी १२-१३ किलोमीटरने येते, सहा मीटरची तीसच्या पुढे, आणि माणूस हाताने वल्हवून फार तर ताशी सहा-सात काढतो, म्हणजे मधलं अंतर भरायला लांब बोर्डच हवा. त्यात लाट किती फुटी हे सुद्धा सगळे एकसारखं मोजत नाहीत. हवाईतले जुने लोक लाट मागून मोजतात म्हणून त्यांची चार फुटी लाट समोरून आठ फुटाची भिंत असते, आणि तिथला साइझ चार्ट बघून कुणी दुसरीकडे बोर्ड घेतला की कल्याण.

१९८१ ची तीन फिनवाली गोष्ट इथे थोडी लागते. त्याआधीची दोन-तीन वर्षं दोन फिनच्या छोट्या चपळ बोर्डांची होती, पण ते हलक्या अंगाच्या लोकांना जमायचे, जड माणसाखाली मागून सुटायचे. सिडनीच्या एका उंच, दणकट सर्फरने वैतागून तिसरा फिन लावला आणि १९८१ च्या ईस्टरला बेल्स बीचवर प्रचंड मोठ्या लाटांत त्याच बोर्डवर स्पर्धा जिंकली. म्हणजे आज जो सेटअप सगळ्या जगाचा डीफॉल्ट आहे तो मुळात "हा बोर्ड माझ्या वजनाला पुरत नाही" या तक्रारीतून आलाय. ही तक्रार नंतर दहा वर्षांत लोक साफ विसरले.

कारण नव्वदचं दशक. माझ्या मते साइझबद्दलचा आजचा सगळा गोंधळ या दशकाचा आहे. जागतिक स्पर्धांच्या टूरवर नवीन पोरांची फळी आली, सडपातळ, विशी-बाविशीतली, आणि त्यांच्याखाली बोर्ड आले ६ फूट १ इंची, सव्वाअठरा रुंद, सव्वादोन जाड, केळ्यासारखे वाकलेले. पोटॅटो चिप म्हणायचे त्यांना आणि खरंच तसेच होते. आज मोजले तर २५-२६ लिटर भरतील. ती पोरं ७०-७२ किलोची, रोज सहा तास पाण्यात, आणि लाटा इंडोनेशिया नाहीतर हवाईच्या. तोच बोर्ड घेऊन ८५ किलोचा अकाउंटंट कंबरेएवढ्या लाटेत बसायचा, बसायचा म्हणजे छातीपर्यंत बुडून बसायचा, आणि एका सेशनमध्ये दोन लाटा मिळाल्या तर खूश. एक पूर्ण पिढी अशी वाया गेली. मी त्या पिढीच्या शेपटाला सिडनीत शिकलो, सेकंडहँड बोर्ड विकणारा म्हणाला तू काय फार उंच नाहीस, सहा फुटी पुरे. वजनाबद्दल चकार शब्द नाही! नऊ महिने मी त्या बोर्डवर सर्फिंग केलं नाही, पोहलो.

उलट प्रवाह तेव्हाही होता. लॉंगबोर्ड ऐंशीपासूनच परत येत होते, पण ते म्हाताऱ्यांचं काम समजलं जायचं. नव्वदच्या मध्यात एका माजी विश्वविजेत्याने इंडोनेशियात मोठ्या लाटेत साडेपाच फुटांच्या आसपासचा आखूड, रुंद 'फिश' प्रकारचा बोर्ड चालवून दाखवला, त्याचं फुटेज बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की छोटा म्हणजे पातळ असायलाच हवा असं नाही. पण दुकानांपर्यंत हे पोचायला आणखी दहा वर्षं गेली.

आणि मग लिटर.

लिटर हा आकडा कुणी ठरवून आणलेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतला फोम ब्लँक (ज्यातून बोर्ड कोरतात तो फोमचा ठोकळा) बनवणारा सगळ्यात मोठा कारखाना एका दिवसात बंद झाला, सोमवार होता, अजूनही त्याला ब्लँक मंडे म्हणतात. धंद्यातले बहुतेक शेपर त्याच्याच मालावर होते. त्या धक्क्यानंतर इपीएस (थर्माकोलसारखा फोम) आणि इपॉक्सी रेझिनला जोर आला, आणि कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीनने कापायचं जे आधीपासून थोडंथोडं चालू होतं ते नेहमीचं झालं. आता सॉफ्टवेअरमध्ये बोर्डची फाइल उघडली की कोपऱ्यात व्हॉल्यूम आपोआप दिसतो. हाताने शेप केलेल्या बोर्डचा व्हॉल्यूम काढायचा तर टाकीत बुडवून बघावा लागला असता, इथे तो फुकट मिळाला. फुकट मिळालेला आकडा कोण सोडतंय, छापला बोर्डवर. २०१० नंतर काही वर्षांत लिटर न लिहिलेला फॅक्टरी बोर्ड दिसणं अवघड झालं, लांबी फूट-इंचात आणि आकारमान लिटरमध्ये अशी खिचडी तेव्हापासूनची.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून एक गुणक फिरायला लागला, तुमचं वजन किलोत गुणिले अमुक बरोबर तुमचे लिटर. तरबेज माणसाला ०.३५ ते ०.३८ धरा, मधल्याला ०.४ ते ०.५, शिकणाऱ्याला ०.७ पासून पुढे एकपर्यंत किंवा त्याहून जास्त. वय, फिटनेस यांच्यासाठी थोडं वर-खाली. कल्पना चांगली होती आणि तिने एक मोठं काम केलं हे मान्य करायला पाहिजे, जाड बोर्ड घ्यायची लाज गेली. ८५ किलोच्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी गणिताने सांगितलं की बाबा तुझं चुकत नाहीये, तुझा बोर्ड दहा लिटर कमी आहे.

पण मग त्याची पोथी झाली. वाद इथून सुरू होतो आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय कुठलाही साइझ चार्ट वाचून उपयोग नाही, म्हणून जरा सविस्तर.

लिटर सांगतो बोर्ड किती तरंगतो. तरंगण्याचा संबंध पालथं पडून वल्हवण्याशी, लाट पकडण्याशी. एकदा उभं राहिलात आणि वेग आला की तुम्हाला वर धरतं ते खालून धावणारं पाणी, तिथे रुंदी, तळाचा आकार आणि वाक यांचं राज्य, लिटरचं महत्त्व एकदम उतरतं. दुसरं, तेच ३३ लिटर ५ फूट ८ इंची रुंद फिशमध्ये पण बसतात आणि ६ फूट ६ इंची निमुळत्या बोर्डमध्ये पण, पहिला कंबरेएवढ्या लाटेचा, दुसरा डोक्यावरच्या, दुकानाच्या फिल्टरमध्ये मात्र दोघं शेजारी दिसतात. त्यात छातीखाली फोम ठेवलाय की शेपटीकडे, कडा जाड आहेत की मधला भाग फुगीर, यातलं काही त्या आकड्यात येत नाही. इपीएस साध्या फोमपेक्षा हलका असल्याने तेवढ्याच लिटरचा बोर्ड जास्त वर तरंगतो. थंड समुद्रात अंगावर जाड वेटसूट, तो भिजला की आणखी काही किलो ओढायचे. आणि आता वेव्ह पूल (कृत्रिम लाटांचे तलाव) आलेत, तिथे गोडं पाणी, म्हणजे समुद्रात बरोबर बसणारा बोर्ड पुलात दोनेक लिटर कमी पडल्यासारखा वाटतो.

पण खरी गोम गुणकात आहे, त्यातल्या 'लेव्हल' मध्ये. बिगिनर, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स्ड, हे तीन शब्द कुणीही नीट बांधलेले नाहीत. लाट फुटायच्या आधी पकडून तिरकं जाता येतं त्याला इंटरमीजिएट म्हणायचं की वळून परत लाटेच्या पोटात येता येतं त्याला? मधल्या पट्ट्यात ०.४ ते ०.५ म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ३० पण बसतं आणि साडेसदतीस पण, आणि सर्फिंगमध्ये साडेसात लिटर म्हणजे दोन वेगळे खेळ आहेत. आणि स्वतःला बिगिनर कोण म्हणवून घेतंय? दुसऱ्या आठवड्यात माणूस इंटरमीजिएट होतो. पूर्वी "मी पावणेसहा फुटी चालवतो" अशी मिरवायची पद्धत होती, आता "मी २८ लिटरवर आहे". इगो तोच, युनिट बदललं. जुने शेपर म्हणतात माणसाला समोर उभं करा, खांदे बघा, कुठे सर्फ करतो ते विचारा, लिटर नंतर बघू, आणि मला त्यांचं पटतं, जरी त्यांच्यातल्याच काहींनी नव्वदमध्ये ते केळ्यासारखे बोर्ड सगळ्यांच्या गळ्यात मारले होते.

या सगळ्या चर्चेच्या बाहेर एक गोष्ट गुपचूप घडली ज्याने शिकणाऱ्यांचं जास्त भलं केलं. २००० च्या दशकाच्या मध्यानंतर अमेरिकेतल्या एका घाऊक दुकानसाखळीत आठ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड) शंभर डॉलरच्या आत मिळायला लागला. ऐंशीच्या वर लिटर, मऊ, डोक्यात लागला तरी टाके पडत नाहीत. जाणकारांनी नाकं मुरडली, मग हळूच स्वतःच्या पोरांसाठी घेतला, मग छोट्या लाटेच्या दिवशी स्वतःच घेऊन निघाले.

आपल्याकडे सर्फिंग उशिरा आलं ते एका अर्थी बरंच झालं, नव्वदचा चिप प्रकार आपल्याला लागलाच नाही. कर्नाटकातल्या मुल्कीला २००४ पासून, मग तमिळनाडूत महाबलीपुरम-कोवलम, आणि गोव्यात अश्वे-मांद्रे पट्ट्यात शाळा निघाल्या तोवर फोमी, म्हणजे हाच सॉफ्टटॉप, हेच शिकायचं साधन झालेलं होतं. गोव्यात पावसाळ्यात समुद्र खवळलेला, शिकाऊ माणसाचं तिथे काम नाही, आणि ऑक्टोबर ते मे गुडघ्या-कंबरेच्या मऊ लाटा, म्हणजे आठ-नऊ फुटी बोर्डची आयडियल जागा. तरी पुण्या-मुंबईचे लोक बाहेरून सहा फुटी बोर्ड मागवतात, व्हिडिओत बघितलेला असतो ना. तो बोर्ड बालीच्या रीफसाठी काढलाय, अश्वेच्या वाळूवरच्या लाटेत त्या बोर्डवर तुम्हाला उचलण्याएवढा दम नाही. वजन सत्तरच्या आसपास आणि पहिले वीस-तीस सेशन असतील तर आठ फूट, सत्तर लिटरच्या वर, आणि लाटा तिरक्या जायला लागल्या की मग सात-साडेसात फुटी मिडलेंथ, पन्नासच्या आसपास. गंमत म्हणजे हा मिडलेंथ प्रकार म्हणजे सत्तरच्या सुरुवातीचा सिंगल फिनच आहे, कापाकापी थांबल्यावर काही काळ बोर्ड जिथे येऊन स्थिरावले होते तो साइझ, आता नवीन नावाने आणि बोर्डच्या खाली लिटर छापून दुप्पट किमतीत मिळतो.