ताटातल्या वस्तूंचा खेळ

एका ताटात पंधरा-वीस बारीकसारीक वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, वरून रुमाल टाकायचा आणि मग आठवतील तेवढ्या लिहायला लावायच्या, असा हा दृश्य स्मृतीचा म्हणजे बघितलेलं लक्षात ठेवण्याचा खेळ. आपल्याकडे भिशीत, हळदीकुंकवाला, पोरांच्या वाढदिवसाला हमखास असतो. इंग्रजीत याला किम्स गेम म्हणतात, कारण रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ मधल्या 'किम' कादंबरीत सिमल्याचा लर्गन साहेब किमला हेरगिरीसाठी रत्नं-खडे दाखवून असाच तयार करतो. पुढे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०८ च्या आपल्या स्काउटिंगच्या पुस्तकात तो घेतला आणि जगभरच्या स्काउटमध्ये पसरला.

नुसतं बघून एका वेळी साधारण तीन-चारच गोष्टी डोक्यात टिकतात. पंधरा आठवणारा माणूस गट पाडत असतो, सुई-दोरा-बटण-टेप एकीकडे, लवंग-वेलची-जायफळ दुसरीकडे, किंवा ताटाचे चार कोपरे करून एकेक कोपरा आठवतो. त्यामुळे रोज खेळून आकडा वाढला तरी ती बरीचशी युक्तीची कमाई, त्यावरून किल्ली कुठे ठेवली ते आठवायला लागेल असं काही नाही. लहान पोरांना सहा-सात वस्तू पुरतात, नाहीतर गुपचूप एक वस्तू काढून घ्यायची आणि काय गेलं ते विचारायचं, त्यात ती जास्त रमतात.

याने चष्मा सुटतो असं कुणी सांगत असेल तर सरळ सोडून द्या. नंबर ठरतो डोळ्याची लांबी, बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा बाक आणि आतलं भिंग यांवर, आणि पाठांतराने त्यातलं काहीच बदलत नाही. उलट गडबड अशी होते की दिसत नाही आणि आपण म्हणतो विसरला. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या पोराला 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून ओरडा बसतो आणि निघतो मायनस नंबर. आजीला निळं बटण काळं वाटतं ते मोतीबिंदूमुळेही असू शकतं. शंका आली तर त्याच वस्तू हातात देऊन चाचपायला लावा किंवा नावं मोठ्याने वाचून दाखवा. तसं नीट आठवत असेल तर आधी डोळे तपासून घ्यायचे.

तपासणी तशीही चुकवू नये. चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर बघून घ्यावं, कारण काचबिंदू बहुतेकदा काही जाणवू न देता वाढतो आणि त्यात गेलेली नजर परत मिळत नाही, आणि डायबेटीस असेल तर वर्षातून एकदा थेंब टाकून मागचा पडदा बघायलाच हवा. मोबाईलवर जोड्या लावायचे गेम मिळतात, पण स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायला सांगतात. ताटाला ती भानगड नाही, फक्त उजेड चांगला हवा आणि जवळचा चष्मा असेल तर तो लावूनच खेळायचं.