आभाळात सरकणारा तो दिवा

"परग्रहवासी आपला रेडिओ ऐकून पृथ्वीवर येतात, रात्री सरकणारे दिवे ही त्यांचीच यानं." खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज कैक वर्षं फिरतोय.

त्यातलं अर्धं खरं आहे. आपल्या रेडिओलहरी अवकाशात जातातच. पण शंभरेक वर्षांत त्या शंभरेक प्रकाशवर्षंच (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष) पोचल्या, तेही फार क्षीण होऊन. आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे.

आता येण्याचं बघू. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतं, म्हणजे बेळगाव ते खानापूर दीडेक सेकंदात! त्या वेगानंही त्या ताऱ्याएवढं अंतर कापायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील. दुसरीकडे कुठे जीव असेलही, तो प्रश्न खुलाच आहे. इथवर येणं ही वेगळी गोष्ट.

मग तो दिवा? दिवेलागणीनंतर तासाभरात गच्चीवर जाऊन बघा. लुकलुकत जातं ते विमान. न लुकलुकता चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतो तो बहुधा उपग्रह. मधेच विझला तर घाबरू नका, तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो.