चेहरा पाहून ऐकू येणारं इंग्रजी

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातले डोनल्ड रुबिन यांचा एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायलाच हवा, असं मला वाटतं. पदवीच्या ६२ विद्यार्थ्यांना सुमारे चार मिनिटांचं व्याख्यान टेपवर ऐकवलं. आवाज ओहायोच्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या एका बाईंचा. समोर फक्त एक फोटो: काहींपुढे गोऱ्या स्त्रीचा, काहींपुढे आशियाई स्त्रीचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल ऐकू आला. एवढ्यावर थांबलं असतं, तर ज्याचं त्याचं मत म्हणून सोडून देता आलं असतं. पण व्याख्यानाच्या मजकुरातल्या गाळलेल्या जागा भरायला दिल्या, तेव्हा त्यांना गुणही कमी मिळाले. म्हणजे त्यांना खरोखरच कमी समजलं होतं.

मेंदू ऐकताना डोळ्यांचीही मदत घेतो. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं की ओठ ‘ग’ म्हणताना दिसले आणि आवाज ‘ब’चा आला, तर अनेकांना ‘ड’ ऐकू येतो. मात्र ओठांच्या हालचालीचा ध्वनीशी थेट संबंध असतो, कातडीच्या रंगाचा नसतो. रंगावरून मेंदू बांधतो तो निव्वळ अंदाज, आजवरच्या सवयीतून आलेला.

याची दुसरी बाजूही आहे. केव्हिन मॅकगोवन यांनी २०१५ मध्ये चिनी हेल असलेलं इंग्रजी गोंगाटात ऐकवलं. चिनी चेहरा समोर असताना श्रोत्यांनी ते गोऱ्या चेहऱ्यापेक्षा अधिक अचूक लिहून घेतलं. त्यामुळे सगळं खापर श्रोत्याच्या मनातल्या द्वेषावर फोडता येत नाही. चेहरा आणि आवाज अपेक्षेप्रमाणे जुळले नाहीत, की कान अडखळतो.

वर्गात याची झळ सर्वात आधी शिक्षकांना लागते. नुझत अमीन यांनी टोरांटोतल्या गौरेतर इंग्रजी शिक्षिकांशी बोलून १९९७ मध्ये लिहिलं, की ‘नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेली व्यक्ती, गोरीच असणार असं अनेक विद्यार्थी धरून चालतात. मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून नोकरी नाकारू नये, हे शिक्षकांच्या संघटना आता बजावून सांगतात; ते योग्यच आहे. पण जिची मातृभाषा इंग्रजीच आहे आणि तरीही चेहऱ्यामुळे ते कुणी मानत नाही, तिला या नियमाचा काय उपयोग?

विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेत तर परीक्षक समोरच बसलेला असतो. तिथे ‘उच्चार’ या रकान्यात नेमकं काय मोजलं जातं, हे विचारायलाच हवं. कॅनडातले मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी १९९५ मध्ये मँडरिन (चिनी) भाषकांचं इंग्रजी श्रोत्यांकडून शब्दशः लिहून घेतलं. हेल ठळक असल्याचा शेरा दिलेली कितीतरी वाक्यंही श्रोत्यांनी अचूक उतरवली होती. हेल असणं वेगळं आणि न समजणं वेगळं. बोलणं समजलं की नाही, याला गुण द्यावेत. हेलासाठी कापू नयेत.

आणि कानाला वळण लावता येतं. ॲन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी २००८ मध्ये श्रोत्यांना चिनी हेलात बोलणाऱ्या अनेकांचे आवाज ऐकवले. त्यानंतर त्याच हेलाचा अगदी नवा आवाजही त्यांना जास्त चांगला कळू लागला. वर्गातल्या ध्वनिफितींमध्ये आजही लंडन किंवा न्यूयॉर्कचेच आवाज असतील, तर त्यात लागोस, मनिला आणि सिंगापूरचे आवाज आणायला फारसा खर्चही येत नाही.