सेरेब्रल पाल्सीतला सरकता खुबा: स्नायू कापण्यापासून एका स्क्रूपर्यंत

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणे) असलेल्या मुलाचा खुबा जन्मतः बहुधा ठीक असतो. बिघडतो तो वाढताना. मांडीच्या हाडाची मान आणि दांडा यांच्यातला कोन जन्मावेळी सुमारे 150 अंश असतो. मूल चालू लागले, नितंबाचे स्नायू हाडाला ओढू लागले की तो कमी होत मोठेपणी 125-130 वर येतो. न चालणाऱ्या मुलात तो तसाच राहतो. त्यात जांघेचे स्नायू ताठर. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीबाहेर सरकतो आणि दाब चुकीच्या जागी पडल्याने वाटीचे छतही नीट वाढत नाही. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

जुना उपाय जांघेचे स्नायू कापून सैल करण्याचा. काही सर्जन त्या स्नायूंना चालवणारा ऑब्ट्युरेटर मज्जातंतूही तोडत. अति झाले की पाय फाकलेलेच आखडत आणि मुलाला खुर्चीत बसवणे जड जाई.

1980 साली डेन्मार्कच्या रायमर्स यांनी सरकण्याला आकडा दिला. एक्स-रेवर वाटीच्या बाहेरच्या कडेतून उभी रेघ मारायची आणि गोळ्याच्या रुंदीचा किती टक्के भाग रेघेबाहेर आहे ते मोजायचे. 30 च्या वर गेला तर खुबा सरकतोय, 100 म्हणजे पूर्ण निखळला. मात्र एक्स-रे काढताना मूल पाठीवर, गुडघ्याच्या वाट्या छताकडे, पाय समांतर हवेत. पाय आत ओढलेला असेल तर आकडा फुगतो, बाहेर असेल तर फसवा कमी येतो. खुबा वाकलेलाच राहत असेल तर गुडघ्यांखाली उशी द्यावी, म्हणजे कमरेचा बाक जातो.

या मोजणीवर दक्षिण स्वीडनने 1994 पासून सेरेब्रल पाल्सीच्या सर्व मुलांची नियमित तपासणी सुरू केली. खुबा निखळण्याचे प्रमाण सुमारे 9 टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आत आले. 2006 च्या मेलबर्नच्या अभ्यासात साधारण 35 टक्के मुलांचे खुबे सरकलेले आढळले: सर्वांत सौम्य गटात कुणाचाच नाही, सर्वांत गंभीर गटात 90 टक्के. तिथल्याच 2012 च्या आढाव्याने स्नायू सैल करण्याचा भ्रमही उतरवला. तीनपैकी जेमतेम एका मुलात तेवढ्यावर भागले.

मग उरते हाड कापून कोन कमी करणे, प्लेट बसवणे, गरजेप्रमाणे वाटीचे छत खाली वळवणे. पण लहान वयात केले तर हाड वाढताना कोन पुन्हा उघडतो.

हाडाच्या टोकाजवळच्या वाढपट्टीची (जिथून हाड लांब होते तो कूर्चेचा थर) एक बाजू थांबवून, वाढच वापरून कोन वळवावा, हा विचार गुडघ्यात जुना: सर्जन फेमिस्टर यांची पद्धत 1933 ची, ब्लाउंट यांच्या वाढ रोखणाऱ्या स्टेपल 1949 च्या. खुब्यात तो बऱ्याच उशिरा रुळला. तैवानच्या सर्जननी 2016 मध्ये सेरेब्रल पाल्सीतले या पद्धतीचे निष्कर्ष मांडले. मांडीच्या बाहेरच्या बाजूने छोटा छेद, सी-आर्मखाली (शस्त्रक्रियेत चालू एक्स-रे दाखवणारे यंत्र) समोरून आणि बाजूने पाहत वाट दाखवणारी बारीक तार (गाईड वायर), मग तिच्यावरून पोकळ स्क्रू. त्याचे आटे वाढपट्टीच्या खालच्या-आतल्या भागातून पलीकडे गेले पाहिजेत. आतली बाजू थांबते, बाहेरची वाढत राहते आणि गोळा वाटीकडे झुकतो. आटे मधोमध गेले तर झुकाव मिळत नाही, टोक सांध्यात शिरले तर कूर्चा खराब होतो. सगळ्यांत जास्त होते ते असे की हाड वाढून वाढपट्टी स्क्रूच्या टोकापुढे निघून जाते. मग लांब स्क्रू घालावा लागतो, म्हणून पालकांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता आधीच सांगितलेली बरी. कोन वळायला महिने नव्हे, वर्षे लागतात. वाढ थोडीच उरली असेल किंवा गोळा निम्म्याहून जास्त बाहेर असेल, तर हाड कापण्याला अजून पर्याय नाही.