एबीसीडी पाठ आहे, म्हणजे वाचता येतं?

‘एबीसीडी पाठ झाली की पोर इंग्रजी आपोआप वाचतं’ हा समज जुना आहे, आणि तो होणं साहजिकच. मराठीत ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो, नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीत तसं नाही. सी, ए, टी ही नावं भरभर म्हणून बघा, ‘सीएटी’ होतं, ‘कॅट’ नाही. शिवाय अक्षरं 26, ध्वनी मात्र साधारण 44.

घरीच तपासा. पुस्तकातलं चित्र झाकून वाचायला द्या, ‘झिब’सारखा निरर्थक शब्द इंग्रजीत लिहा. मूल ध्वनी जोडून वाचतंय की अंदाज बांधतंय, ते लगेच कळतं. फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवणारा संच घेतानाही त्यातलं पहिलं गोष्टीचं पुस्तक उघडा: त्यात तोवर शिकवलेलेच ध्वनी आहेत का? नसतील तर रंगीत फ्लॅशकार्डांना भुलू नका.